स्ल्यूइंग ड्राइव्हची निवड

स्ल्यूइंग ड्राइव्ह म्हणजे जड भार पेलत पेलत तो हळू आणि नियंत्रित वेगाने फिरवणारे यंत्रांग. दातेरी कडेचे मोठे स्ल्यू बेअरिंग, त्याच्या दातांत बसणारा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि दोहोंभोवतीचे बंद आवरण हे त्याचे मुख्य भाग. वर्मला विजेची किंवा हायड्रॉलिक मोटर जोडतात. ट्रकवरची छोटी क्रेन, रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणारी पाळण्याची गाडी, वेल्डिंग करताना वस्तू फिरवून धरणारा पोझिशनर, सूर्याबरोबर वळणारे सौर पॅनेल अशा ठिकाणी तो लागतो.

खरेदीची चौकशी बहुधा ‘टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) किती?’ इथून सुरू होते. फिरण्याचा अक्ष उभा असेल तर हा प्रश्न दुय्यम आहे. अक्षापासून २ मीटरवर ५०० किलोचा भार टांगला, तर बेअरिंगला उलथवू पाहणारा मोमेंट (भार गुणिले अंतर) सुमारे ९.८ किलोन्यूटन-मीटर होतो. भुजेचे वजन त्यात धरलेलेच नाही. फिरवायला मात्र घर्षण आणि जडत्व यांच्यावर मात करण्याइतका टॉर्क पुरतो. त्यामुळे उलथवणारा मोमेंट, अक्षीय (अक्षाच्या दिशेचा) भार आणि त्रिज्यीय (अक्षाला आडवा) भार हे तिन्ही एकत्र धरून उत्पादकाच्या भार-आलेखावर ताडून पाहावे लागतात. गाडी उतारावर उभी राहणार असेल तर टॉर्कची गरजही वाढते. पोझिशनरसारख्या आडव्या अक्षाच्या यंत्रात तर भाराचे केंद्र अक्षापासून जितके दूर, तितका टॉर्क सरळ ड्राइव्हवर येतो.

वर्म ड्राइव्हची कार्यक्षमता कमी असते, अनेकदा ४० टक्क्यांच्या आसपास. २० न्यूटन-मीटरची मोटर आणि ६१:१ गिअर गुणोत्तर असेल तर हाती १२२० नव्हे, सुमारे ४९० न्यूटन-मीटर पडतात. उरलेल्याची उष्णता होते, म्हणून तासन्‌तास अखंड फिरणाऱ्या कामाला वर्म ड्राइव्ह सहसा घेऊ नये. याच घर्षणामुळे भार उलटा वर्मला फिरवू शकत नाही; हा ‘सेल्फ-लॉकिंग’ गुण विक्रेते हमखास सांगतात. कंपन असेल तर ही पकड सुटू शकते. पाळण्यात माणूस उभा राहणार असेल, तर वेगळा ब्रेक हवाच.

मुंबईत वाऱ्याचा हिशेब टाळता येत नाही. भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे. त्याचा दाब प्रति चौरस मीटर सुमारे ११६० न्यूटन भरतो. एवढ्या वाऱ्यात यंत्र चालवत नाहीत, पण बंद असताना ते जागेवर राहायला हवे. त्यासाठी फिरवण्याचा टॉर्क नव्हे, रोखून धरण्याचा टॉर्क बघतात. भाऊच्या धक्क्यासारख्या खाऱ्या हवेच्या जागी सील आणि रंगाच्या थरावर चार पैसे जास्त घालणे योग्य. पावसाळ्यात पाणी आत शिरले की ग्रीस बिघडते आणि बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या धावपट्ट्यांना गंज लागतो. दुहेरी सील आणि सहज हात पोहोचेल असे ग्रीस निपल असलेला ड्राइव्ह निवडावा.

अचूक काम असेल तर बॅकलॅशही (दातांमधली ढील) विचारावा. ०.१ अंशाची ढील ५ मीटरच्या भुजेच्या टोकाशी जवळपास ९ मिलिमीटर होते. क्रेनला ती चालते, रोबोटला नाही.

बसवण्याची पाटी सपाट आणि ताठ नसेल तर बेअरिंग वाकते आणि वरचे सगळे गणित फोल ठरते. बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत आणि सुरुवातीच्या वापरानंतर पुन्हा तपासावेत.