सेंट्रल पार्कमध्ये आधी खडक बघा

वसंताच्या सुट्टीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जाणारे बहुतेक जण चेरीचा बहर शोधत असतात. बहर देखणाच असतो. पण मी म्हणेन, आधी खडकाला हात लावा. 341 हेक्टरच्या या बागेतली तळी, वळणदार वाटा, अगदी रानासारखं भासणारं ‘रॅम्बल’सुद्धा माणसानं रचलेलं आहे. 1858 मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा निवडला गेला. दलदली उपसल्या, सुरुंग लावले, बाहेरून माती आणली. त्याआधी इथल्या सेनेका व्हिलेजमधल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं सोडावी लागली होती, हेही विसरता कामा नये. खडक मात्र मुळापासून इथलाच.

बागेच्या नैर्ऋत्य भागात ‘अंपायर रॉक’ आहे. मुलं त्यावरून धावत असतात. खाली वाकून पाहिलं की करड्या दगडात अभ्रकाच्या चकत्या लुकलुकतात. हा मॅनहॅटन शिस्ट. समुद्रतळाचा चिखल सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोल दाबला गेला, भाजला गेला आणि त्याचा हा खडक झाला. त्याच्या पाठीवर तळहात सहज बसेल अशा रुंद, लांबलचक खोबणी आहेत. गेल्या हिमयुगात शेकडो मीटर जाडीचा बर्फ इथून सरकत गेला. नुसत्या बर्फानं असा खडक कोरला जात नाही. बर्फाच्या तळाशी अडकलेले दगडगोटे हे काम करतात. लाकडावर पॉलिशपेपर घासावा तसं. खोबणींची दिशा वायव्येकडून आग्नेयेकडे आहे, म्हणजे बर्फ कुठून कुठे गेला ते बोटानं वाचता येतं. त्याच बर्फानं हडसन नदीपलीकडचे काळे दगडही इकडे आणून टाकले.

‘मॉल’ या रुंद रस्त्यावरची अमेरिकन एल्मची झाडं माणसानं लावलेली, पण वेळापत्रक त्यांचं स्वतःचं. पानं यायच्या आधीच फांद्यांवर तांबूस, बारीक फुलांचे झुबके येतात. लांबून बघणाऱ्याला झाड अजून निष्पर्णच वाटतं. परागकण वाऱ्यावर जायचे असतात. पानं आली की वाट अडते, म्हणून ही घाई.

आणि पक्षी. पूर्व किनाऱ्यालगत उत्तरेकडे निघालेले असंख्य छोटे पक्षी रात्री उडतात. पहाटे दमून उतरायचं तर खाली मैलोन्‌मैल काँक्रीट आणि मध्ये हा एक हिरवा आयत! शहराचे रात्रीचे दिवेही त्यांना ओढून घेतात, आणि काचांवर आपटून कितीतरी मरतात. त्यामुळे थवे दिसले की आनंद होतो, काळजीही वाटते. स्थलांतराचा भर मे महिन्यात असला तरी एप्रिलच्या सुट्टीतच पाम वॉर्बलर येऊन पोचतात. हा जेमतेम दहा ग्रॅमचा पक्षी, हिवाळा कॅरिबियन बेटांवर किंवा अमेरिकेच्या आग्नेय भागात काढून कॅनडाच्या दलदलींकडे निघालेला. त्याला शोधायला दुर्बीण लागत नाही. सकाळी लवकर जाऊन गवताकडे बघत उभं राहायचं. जमिनीवर तुरुतुरु चालत किडे टिपणारा, सारखी शेपटी खालीवर हलवणारा पिवळसर पक्षी दिसला, तर तो हाच.