पान सारखंच कोमेजतं: पाळकाचा थकवा आणि आत्मिक कोरडेपणा

पावसानं दोन-तीन आठवडे ओढ द्यावी, जमीन भेगाळावी आणि मग एका रात्रीत धो धो कोसळावं, की आमच्या खान्देशात कपाशीची झाडं सकाळी धडधाकट आणि दुपारी माना टाकलेली दिसतात. याला आकस्मिक मर म्हणतात. नवखा माणूस लोंबलेली पानं बघून पहिली मोटार चालू करतो आणि तिथंच फसतो. मुळं पाण्यात बुडून त्यांना हवा मिळेनाशी झालेली असते. तिथं चर काढून पाणी बाहेर सोडायचं असतं. आणखी पाणी दिलं की झाड पुरतं जातं. पाण्यावाचून सुकलेलं झाड आणि पाण्यात गुदमरलेलं झाड, बांधावरून बघितलं तर दोन्ही सारखीच.

मी पंचवीस वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाळक होतो. आता तरुण पाळकांकडे जाऊन बसतो, त्यांचं ऐकतो, एवढंच काम उरलंय. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, प्रार्थनेत मन लागत नाही." हे वाक्य म्हणजे लोंबलेलं पान. त्याच्या मुळाशी दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे सेवेतला थकवा, ज्याला आता सगळेच बर्नआउट म्हणतात. दुसरा आत्मिक कोरडेपणा. आणि ज्या पाळकानं मंडळीचं संजीवन, म्हणजे तिच्या विश्वासात नवी जाग आणणं, मनावर घेतलंय त्याची यात हमखास गल्लत होते, कारण त्याच्या पेटीत दोन्हींवर एकच औषध असतं: आणखी प्रार्थना, आणखी उपवास, आणखी एक रात्रीची सभा.

माझीही झाली होती. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमाराला परततात, म्हणून संजीवन सभा भर उन्हाळ्यात. एका वर्षी सात आठवड्यांत पाच गावांत सभा घेतल्या. मंडपात गर्दी, रडत पुढे येणारी माणसं, दारू सोडल्याच्या साक्षी. ते सगळं खरं होतं; त्यातली काही घरं आजही उभी आहेत. पाचव्या गावाहून परतलो आणि चौथ्या दिवशी एका म्हातारीच्या दफनविधीला गेलो. तिचा मुलगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता आणि माझं लक्ष त्याच्या सदऱ्याला चिकटलेल्या कुसळांवर. एक, दोन, तीन, चार. मी कुसळं मोजत होतो. तोंडानं बायबलमधलं तेविसावं स्तोत्र चालू होतं आणि त्यातला एक शब्दही चुकला नाही.

घरी येऊन मी निदान केलं: देव दूर गेलाय, आपल्यातच काहीतरी खोट आहे. लगेच तीन दिवसांचा उपवास धरला. तिसऱ्या दिवशी ओट्यावर चक्कर येऊन पडलो. पडल्याचं दुःख नव्हतं, पण त्या क्षणी मनात आलेला विचार अजून आठवतो: चला, आता आठ दिवस कोणी बोलावणार नाही. बायकोनं त्या दिवशी माझा फोन ज्वारीच्या कोठीत टाकला आणि झाकण लावलं. रात्रभर कोठी अधूनमधून घुमत होती. मराठीत 'मंडळी' म्हणजे उपासनेला जमणारी माणसंही आणि घरची बायकोही. एकीच्या मागे धावताना मी दुसरीशी महिनाभर धड बोललो नव्हतो, हे त्या घुमणाऱ्या कोठीशेजारी झोपून कळलं.

माझ्या दुखण्याचं नाव थकवा होतं आणि मी कोरडेपणाचं औषध घेत होतो.

थकवा कामातून येतो, हे आधी नीट धरून ठेवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या वर्गीकरणात जागा दिली, ती आजार म्हणून नव्हे. कामाचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही की येणारी अवस्था, असं तिचं वर्णन आहे, आणि खुणा तीन: त्राण संपणं, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा भरणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पाळकाचं काम म्हणजे माणसं, म्हणून त्याच्यात मधली खूण सगळ्यात वाईट दिसते. दारात कोणी उभं राहिलं की पोटात गोळा येतो. फोनवर नाव उमटलं की तो फोन पालथा घालतो. मंडळीतल्या माणसांवरचे त्याचे विनोद हळूहळू बोचरे होतात. उपदेश मात्र छानच होतो. ते यंत्र शेवटी बंद पडतं, म्हणून बाहेरच्यांना पत्ता लागत नाही.

आणि काम तरी किती? लग्न, दफन, बाप्तिस्मा, दवाखान्यातली भेट, पंच कमिटीतली भांडणं, एकाची सोयरीक, दुसऱ्याचा जातीचा दाखला. निम्मी मंडळी दक्षिण गुजरातेत उसाच्या पडावावर, म्हणजे तोडणीच्या तळावर, म्हणून महिन्यातून एकदा मोटरसायकलवर तिकडे. रविवारी आधी मराठीत उपासना, मग पाड्यावर जाऊन मावची बोलीत. त्यावर संजीवनाची हौस म्हणजे पहाटेची प्रार्थना, तरुणांची वेगळी सभा, कीबोर्ड आणायचा की नाही यावरून वडीलधाऱ्यांशी तीन महिन्यांचा अबोला. बदलाच्या प्रत्येक पावलामागे पाळकाच्या दोन-तीन रात्रींची झोप जाते, आणि हा खर्च वार्षिक अहवालात कुठेच दिसत नाही.

कोरडेपणाची जात निराळी. तो कष्टानं येत नाही आणि सुट्टीनं जात नाही. बेचाळिसाव्या स्तोत्रातली हरिणी पाण्यासाठी लुलपते. ती दमलेली असेलही, पण तिचं दुखणं तहान हे आहे. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये क्रूसाचा संत योहान नावाचा एक साधू होऊन गेला. आम्हा प्रोटेस्टंट पाळकांना त्याचं नाव सहसा ठाऊक नसतं, ते आमचंच नुकसान. त्याच्याच पंथातल्या बांधवांनी त्याला १५७७ च्या डिसेंबरात टोलेडोत कोंडून घातलं होतं. पुढच्या ऑगस्टमध्ये तो तिथून निसटला. त्या अंधाऱ्या खोलीत कविता करणाऱ्या या माणसानं कोरडेपणा ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही आणि बाहेरच्या कशातही वाटत नाही. तरीही आपण देवाची सेवा करत नाही, मागे पडतोय, ही चिंता सतत कुरतडत राहते. आणि पूर्वीसारखं मनन करता येत नाही, कितीही जोर लावला तरी. एकट्या पहिल्या खुणेवर भरवसा ठेवू नका, असंही त्यानं तेव्हाच बजावलं, कारण तसं प्रकृतीच्या बिघाडानं, मनाच्या उदास रोगानंही होऊ शकतं. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या साधूला जे समजत होतं ते आमच्याकडच्या काही संजीवन वक्त्यांना अजून समजत नाही, असं म्हटलं तर राग मानू नये.

आता दोघांना शेजारी ठेवा. प्रार्थना दोन्हींत नीरस, म्हणून प्रार्थनेवरून निदान करूच नये, असं माझं मत आहे. मी माणसांबद्दल विचारतो. थकलेल्याला माणसं नकोशी होतात. कोरड्या माणसाला माणसं हवी असतात; दुसऱ्याच्या दुःखात त्याचा गळा अजून दाटून येतो, फक्त गुडघे टेकले की समोर भिंत. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये छापली गेली, तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याचा अनुभव फारसा आलाच नव्हता. पण त्या पन्नास वर्षांत रस्त्यावरच्या माणसाशी असलेली त्यांची जवळीक आटली नाही. नुसत्या थकव्यावर पन्नास वर्षं निघत नाहीत.

दुसरा प्रश्न झोपेचा: ती पुरी होतेय का? तिसरा, कशाची ओढ लागलीय याचा. थकलेल्याला सुटका हवी असते: बदली, आजारपण, काहीही चालेल. माझं ओट्यावरचं समाधान आठवा. कोरड्याला सुटका नको असते, त्याला देव हवा असतो, आणि तो मिळत नाही हेच तर त्याचं दुखणं.

संजीवनाचे पुढारी थकव्याला कोरडेपणा का समजतात, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण वेल्समधलं. १९०४ च्या शेवटी एव्हन रॉबर्ट्स नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण, पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेला, एका मोठ्या संजीवनाचा चेहरा झाला. त्याच्या बातम्या आपल्याकडेही पोचल्या. १९०५ च्या जूनमध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झालं त्यामागच्या प्रार्थनांना या बातम्यांचं बळ होतं. इकडे रॉबर्ट्स रात्र रात्र सभांत, झोप नावाला. १९०५ च्या फेब्रुवारीत त्यानं आठवडाभर मौन धरलं. लोकांनी ते आत्म्याची आज्ञा म्हणून घेतलं, त्यानंही तसंच मानलं. शरीर काय सांगतंय हे कोणी विचारलं नसावं. १९०६ मध्ये तो पार कोसळला, लेस्टरला एका कुटुंबाकडे राहायला गेला आणि १९५१ मध्ये वारला तोवर तसा पुन्हा उभा राहिला नाही. तो देवापासून दूर गेला होता म्हणून कोसळला, असं मला वाटत नाही. मंडपातल्या आगीत अंगातली ऊब वाढल्यासारखी वाटते, म्हणून सरपण संपत आलंय हे लक्षात येत नाही.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचंही तेच. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरला, तो अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत गेला, आणि लगेच पुढच्या अध्यायात झुडपाखाली बसून मरण मागतोय. हा अध्याय आम्ही पाळक 'शांत मंद वाणी'साठी वाचतो आणि त्याआधीची वचनं घाईत ओलांडतो. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून परत जेवायलाच दिलं. "एलीया, तू येथे काय करीत आहेस?" हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांनी येतो. आमच्याकडे तो प्रश्न पंच कमिटी पहिल्याच दिवशी विचारते, आणि भाकरीचं कोणी नाव काढत नाही. शेवटी त्याला अलीशा मिळाला, म्हणजे काम वाटून घ्यायला माणूस. सासरा इथ्रो यानं मोशेलाही निर्गमच्या पुस्तकातल्या अठराव्या अध्यायात हेच सांगितलं: एकट्यानं ओढशील तर तूही झिजशील आणि लोकही.

म्हणून थकव्यावर उपाय तिथल्यासारखाच रोखठोक: झोप, जेवण, सोमवारची पक्की सुट्टी, आणि दोन कामं दुसऱ्याच्या हाती सोपवणं. त्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड; आणि सातपुड्याकडचे असाल तर सिकलसेलची तपासणी कधी झालीय का तेही विचारा, कारण आमच्या पट्ट्यात तो आजार पुष्कळ आहे. आत्मिक दुखणं म्हणून वर्षभर रडलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन सात निघालेलं मी पाहिलंय.

कोरड्याला मात्र रजेवर पाठवून उपयोग नसतो, तो रजेवरही कोरडाच राहतो. त्यानं नेमाची प्रार्थना सोडू नये आणि ती फुगवूही नये. मोठ्यानं स्तोत्रं वाचावीत, स्वतःचे शब्द सुचत नसतील तर दावीदाचे वापरावेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. एखादा वयस्कर सोबती शोधावा, सल्ले देणारा नको, शेजारी बसणारा हवा. आणि भावना परत आणण्यासाठी नवी सभा लावू नये.

दोन्ही एकत्रही येतात, तेव्हा आधी थकव्याचं बघावं. दमलेल्या माणसाला कोरडेपणाबद्दल काही सांगितलेलं कळतच नाही. आणि एक तिसरी गोष्ट या दोघांच्या आडून येते: नैराश्याचा आजार. आठवडेच्या आठवडे कशातच जीव रमत नाही, पहाटे तीनला जाग येते, आपण ओझं आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात, तेव्हा ना सुट्टी पुरते ना स्तोत्र. सरळ डॉक्टरकडे जायचं. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. गोळी घेणारा पाळक विश्वासात कमी पडला, असं म्हणणाऱ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मी एकदाच विचारतो: चष्मा का लावता?

गेल्या हिवाळ्यात एक तरुण पाळक नवापूर स्टेशनवर माझी वाट बघत उभा होता. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेलं ते स्टेशन. त्याला जळगावपर्यंत सोबत यायचं होतं, वाटेत बोलायचं होतं. त्यानं वहीत प्रश्न लिहून आणले होते, पहिलाच मोठ्या अक्षरात: देव का बोलत नाही? गाडी सुटली. मी म्हटलं, "काल रात्री कुठं होतास?" म्हणाला, "पडावावर. एकाचं बाळ आजारी होतं." परवा? दुसऱ्या पडावावर. नंदुरबार यायच्या आधीच त्याची मान खिडकीला टेकली. दोंडाईचा गेलं, शिंदखेडा गेलं, वही मांडीवरून खाली पडली, मी उचलून पिशवीत ठेवली. उठवलं नाही. अमळनेरला फेरीवाल्याच्या आवाजानं तो दचकून जागा झाला, डोळे चोळले आणि पहिलं विचारलं, "साहेब, काही खायला आहे का?"

माझ्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा होता.