दुसऱ्यांसाठीची प्रार्थना पाळकांनीच करायची असते का?

‘आमच्या प्रार्थनेत काय एवढं? पाळकसाहेबांना सांगा, त्यांचं देव ऐकतो.’ मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. आधार म्हणून बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय दाखवतात: आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावं आणि त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. वचन खरंच आहे, पण लोक चौदाव्या ओवीवरच थांबतात. दोनच ओव्या पुढे, सोळाव्यात, एकमेकांसाठी प्रार्थना करा असं सगळ्यांनाच सांगितलंय. नीतिमानाची प्रार्थना प्रबळ असते हेही तिथेच आहे, आणि त्यावर ‘मग आम्ही कुठले नीतिमान!’ असं कुणी म्हणू नये म्हणून की काय, लगेच एलीया संदेष्ट्याचं उदाहरण येतं: तोही आपल्यासारखाच माणूस होता. (ही ओवी मात्र कुणी भिंतीवर लावत नाही.)

पाळकांना सांगू नये असं नाही. जरूर सांगावं, पण आपली प्रार्थना त्यांच्यावर सोपवून मोकळं होऊ नये. खुद्द पौल प्रेषित रोम, इफिस, थेस्सलनीका इथल्या साध्या विश्वासणाऱ्यांकडे प्रार्थना मागतो. कलस्सै इथल्या मंडळीला तर तो बंदिवासातून लिहितो, आणि तिथे सुटका मागत नाही. देवाच्या वचनासाठी दार उघडावं, म्हणजे ते सांगायची संधी मिळावी, एवढीच विनंती करतो.