जामर, पावती आणि बंद पडलेले यंत्र: वाहनतळावरच्या दंडाच्या वादाची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकांनी सांगलीतल्या बाजारपेठेजवळच्या एका सशुल्क वाहनतळावर गाडी लावली, तेव्हा पावती देणाऱ्या मुलाच्या हातातले यंत्र चालत नव्हते. त्याने बटण दोनदा दाबले, यंत्र तळहातावर आपटून पाहिले, कागदाची जेमतेम बोटभर कोरी पट्टी बाहेर आली आणि तिथेच अडकली. ‘राहू द्या काका, जाताना द्या,’ असे तो म्हणाला. काका पाऊण तासाने कापडाचे गठ्ठे घेऊन परतले, तर पुढच्या उजव्या चाकाला पिवळा जामर लावलेला होता, वायपरखाली ‘विनापावती वाहन’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी होती आणि मुलाची पाळी संपून त्याच्या जागी दुसराच माणूस उभा होता. त्या माणसाने पाचशे रुपये मागितले. दिवेलागण झाली होती, काकू सोबत होत्या, म्हणून काकांनी पैसे भरले आणि गाडी सोडवून घेतली. मात्र त्यांनी ती चिठ्ठी जपून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर ठेवून विचारले, ‘यात माझी चूक नेमकी कोणती?’

या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्षात येते की जागा, शुल्क आणि जामर या तीन वेगवेगळ्या गोष्टी आपल्या बोलण्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. गाडी कुठे उभी करता येते हे एक अधिकारी ठरवतो, तिथे उभे राहण्याचे पैसे कोणी घ्यायचे हे दुसऱ्या अधिकारातून येते, आणि चाक जखडण्याची सत्ता तिसऱ्याच कलमात सांगितलेली आहे. या तिन्हींचा उगम वेगळा आहे आणि इतिहासही वेगळा आहे.

जागेची टंचाई हे मूळ दुखणे. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली ही राजधानी केली. त्यानंतर वाढत गेलेल्या पेठा बैलगाड्यांच्या आणि पायी चालणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मापाने बांधल्या गेल्या. साताऱ्याच्या राजवाडा, मोती चौक आणि खण आळी या भागाचीही तीच गत आहे. दुकानासमोर दोन चारचाक्या समोरासमोर उभ्या राहिल्या की मधून रिक्षा जात नाही. म्हणून आपल्या बाजारपेठांत सम-विषम तारखांची पाटी आली, नंतर टोइंगची गाडी आली, मग सशुल्क वाहनतळ आले. या क्रमात प्रत्येक उपाय आधीच्या उपायाला पुरवणी म्हणून जोडला गेला, पण त्यांचे नियम मात्र एकत्र बसून कोणी नीट लिहून काढले नाहीत, असे माझे मत आहे.

उभे राहण्याचे पैसे यंत्राने घेण्याची कल्पना अमेरिकेतली. ओक्लाहोमा सिटीत १६ जुलै १९३५ रोजी पहिले पार्किंग मीटर बसवले गेले. कार्ल मॅगी या वृत्तपत्र संपादकाच्या पुढाकाराने ते आले. दुकानांत आणि कार्यालयांत काम करणारे लोक सकाळी रस्त्यावर लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत हलवत नसत, त्यामुळे गिऱ्हाइकाला जागाच मिळत नसे. जागा फिरती राहावी हा त्या मीटरचा हेतू होता. काकांच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या वर्षीची एक गोष्ट फार बोलकी आहे. मीटर बसल्यावर महिनाभरातच एका पाद्र्यावर कारवाई झाली, आणि ‘मीटरमध्ये टाकायला सुट्टे पैसे नव्हते, ते आणायलाच मी समोरच्या दुकानात गेलो होतो,’ असे त्याने सांगितल्यावर ते प्रकरण सोडून देण्यात आले. पैसे द्यायची तयारी आहे पण देण्याची सोय नाही, हा बचाव मीटरइतकाच जुना आहे.

जामरचा जन्म मात्र मीटरपासून दूर, वेगळ्याच गरजेतून झाला. डेन्व्हर शहरात दंडाची चिठ्ठी मिळूनही दंड न भरणाऱ्या गाड्या पोलीस ओढून नेत, आणि मग आवारात ठेवलेल्या गाडीतून सामान चोरीला गेल्याच्या, गाडीचे नुकसान झाल्याच्या तक्रारी त्यांच्याच गळ्यात येत. फ्रँक मरुग हे डेन्व्हर सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारे आणि ओतकामाचे साचे घडवणारे गृहस्थ होते. त्यांनी गाडी जागेवरच जखडून ठेवणारे साधन बनवले. तेथील पोलिसांनी ते जानेवारी १९५५ मध्ये वापरायला घेतले आणि १९५८ मध्ये मरुग यांना त्याचे पेटंट मिळाले. आधीचा दंड थकवलेला आहे हे नक्की झाल्यावर वापरायचे ते साधन होते. पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या आणि पैसे द्यायला तयार असलेल्या माणसासाठी ते घडवलेले नव्हते.

लंडनमध्ये ही दोन्ही साधने एकत्र आली. तिथे पहिले पार्किंग मीटर १९५८ मध्ये ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये सुरू झाले आणि चाके जखडण्याची कारवाई १९८३ मध्ये. सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांनी सुरू केलेली ही पद्धत पुढे खासगी जागांच्या मालकांनी आणि त्यांच्या ठेकेदारांनी उचलली, आणि खरे वाद तिथून पेटले. स्कॉटलंडच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने १९९२ मध्ये, ब्लॅक विरुद्ध कारमायकल या प्रकरणात, खासगी जागेत गाडी जखडून ती सोडण्यासाठी पैसे मागणे म्हणजे खंडणीच होय, असे ठरवले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्ये थोडी वेगळी भूमिका घेतली. पाटी स्पष्ट असेल आणि ती वाचून कोणी गाडी लावली असेल, तर त्याने जोखीम पत्करली असे मानता येते, असे ते न्यायालय म्हणाले. पण २००० मध्ये त्याच न्यायालयासमोर वाल्थम फॉरेस्टमधले प्रकरण आले. त्यात एका बाईने एकाएकी बरे वाटेनासे झाले म्हणून गाडी बाजूला घेतली होती, आणि इशाऱ्याची पाटी दुसऱ्या मोठ्या गाडीच्या आड गेल्यामुळे तिला दिसलीच नव्हती. जी पाटी दिसली नाही तिच्यातली अट तिने मान्य केली असे म्हणता येणार नाही, असा निर्णय तिच्या बाजूने लागला. शेवटी इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत, कायद्याचा अधिकार नसताना गाडी जखडणे १ ऑक्टोबर २०१२ पासून गुन्हाच ठरवण्यात आले. रस्त्यावर अधिकृत यंत्रणेला ती मुभा राहिली.

आपल्याकडे मोटारींचे कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ असे टप्प्याटप्प्याने आले, आणि सध्याचा १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यातील ११७ व्या कलमाखाली राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, वाहने कुठे आणि किती वेळ उभी राहू शकतील ते ठरवतो. जामरचा उल्लेख येतो तो १२७ व्या कलमात, आणि या कलमाचे शब्द प्रत्येक वाहनधारकाने एकदा तरी शांतपणे वाचावेत असे आहेत. वाहन सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले असेल, किंवा कायद्याने मनाई असलेल्या ठिकाणी उभे असेल, तर ते ओढून नेण्यास किंवा चाकाला जामर लावून अथवा अन्य प्रकारे जखडून ठेवण्यास, त्या हद्दीतला गणवेशातील पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. म्हणजे दोनच परिस्थिती सांगितल्या आहेत, आणि दोन्हींत अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा आहे. शुल्क भरले नाही किंवा पावती नाही, हे कारण त्या वाक्यात कुठेही येत नाही. त्याच कलमात पुढे मालकाने सोसायच्या खर्चाचा उल्लेख आहे तो गाडी ओढून नेण्याच्या खर्चाचा. त्यामुळे ‘जामर काढण्याचे शुल्क’ म्हणून कोणी वेगळी रक्कम मागितली, तर ती कोणत्या आदेशाखाली मागितली जात आहे हे विचारण्याचा नागरिकाला पुरता अधिकार आहे.

काकांची गाडी जिथे उभी होती ती जागा वाहनतळ म्हणूनच ठरवलेली होती. तिथे उभे राहण्यास मनाई नव्हती, उलट ती जागा त्यासाठीच होती. तिथे त्यांनी काही देणे लागले असेल तर ते शुल्काचे होते, आणि शुल्काचा व्यवहार हा मुळात कराराचा व्यवहार आहे. जागा देणाऱ्याने जागा द्यायची, वापरणाऱ्याने पैसे द्यायचे आणि त्याची खूण म्हणून पावती घ्यायची. यंत्र बंद असण्याचा मुद्दा इथे येतो, आणि त्याला आपल्या कायद्यात फार जुने उत्तर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ६७ व्या कलमात असे म्हटले आहे की, वचन पुरे करून घेणाऱ्यानेच जर ते पुरे करण्यासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी देण्यात हयगय केली किंवा नकार दिला, तर त्यामुळे जे पुरे झाले नाही त्याबद्दल वचन देणारा जबाबदार राहत नाही. त्या कलमाखालचे उदाहरण घराच्या दुरुस्तीचे आहे. मालकानेच गवंड्याला दुरुस्तीच्या जागा दाखवल्या नाहीत, तर काम न झाल्याचा दोष गवंड्यावर येत नाही. पावती देणारे यंत्र चालू ठेवणे, कागदाचा रोल भरणे, नाहीतर निदान छापील पावतीपुस्तक हाताशी ठेवणे ही वाहनतळ चालवणाऱ्याची कामे आहेत.

यात एक बारकावा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. यंत्र बंद होते म्हणून जागा फुकट मिळाली असा याचा अर्थ होत नाही. ६७ वे कलम त्या हयगयीमुळे जे राहून गेले तेवढ्यापुरतेच माफ करते. पाऊण तासाचे शुल्क देणे लागतेच, आणि काका ते द्यायला तयारही होते. माफ होते ते पावती नसणे. त्या पावती नसण्यावर लावलेली पाचशे रुपयांची रक्कम कराराच्या दृष्टीने पाहिली, तरी त्याच कायद्याचे ७४ वे कलम आडवे येते. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी करारभंग झाल्यावर त्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच मिळू शकते. बुडालेले शुल्क आणि मागितलेला दंड यांच्यातले अंतर किती वाजवी आहे, हे वाद घालताना विचारलेच पाहिजे.

‘दंड’ या शब्दानेही गोंधळ वाढतो. मोटार वाहन कायद्याखालचा दंड न्यायालय ठोठावते, किंवा २०० व्या कलमाखाली अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यापुढे तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १७७ व्या कलमातली सर्वसाधारण दंडाची मर्यादा पहिल्या वेळी १०० वरून ५०० रुपये आणि नंतरच्या वेळी ३०० वरून १५०० रुपये झाली. लोकांच्या मनात पाचशेचा आकडा ठसला तो तेव्हापासून, आणि ठेकेदाराच्या माणसाने तोच आकडा उच्चारला की समोरच्याला ते सरकारी चलानच वाटते. पोलिसांच्या ई-चलानावर वाहनाचा क्रमांक, ठिकाण, वेळ आणि कलम असते, ते राज्याच्या संकेतस्थळावर दिसते, आणि त्यावर महाट्रॅफिक अॅपमधून तक्रारही नोंदवता येते. काकांच्या हातातल्या चिठ्ठीवर यातले काहीच नव्हते. तिच्यावर अधिकाऱ्याचे नाव नव्हते, कलम नव्हते आणि वेळही नव्हती.

म्हणून अशा प्रसंगी पहिले काम पुरावा गोळा करण्याचे आहे, आणि ते गाडीपाशी उभे असतानाच करावे लागते. बंद यंत्राचा, त्यातून आलेल्या कोऱ्या पट्टीचा, दरफलकाचा, चाकावरच्या जामरचा आणि चिठ्ठीचा फोटो घ्यावा. आजूबाजूच्या दुसऱ्या कोणा वाहनधारकालाही पावती मिळाली नसेल तर त्याचे नाव विचारून ठेवावे. शुल्काची मूळ रक्कम यूपीआयने पाठवता आली तर फार उत्तम, कारण पैसे देण्याची तयारी वेळेसह नोंदली जाते. जामर गणवेशातल्या पोलिसाने लावला असेल आणि तडजोड शुल्क भरले, तर कायद्याने प्रकरण तिथेच मिटते, म्हणून हरकत असेल तर भरण्याआधीच ती सांगावी आणि न्यायालयात जाण्याची तयारी ठेवावी. ठेकेदाराच्या माणसाला नाइलाजाने पैसे द्यावे लागले, तर पावतीवर स्वतःच्या अक्षरात ‘हरकत राखून’ हे दोन शब्द लिहून सही करावी.

त्यानंतर दाद मागण्याचे तीन रस्ते उरतात. वाहनतळ ज्या स्थानिक संस्थेच्या जागेत आहे तिच्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी, कारण ठेकेदार तिचाच असतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ पासून तिन्ही शहरांचा कारभार एकत्र पाहते, आणि साताऱ्यात हे काम नगरपरिषदेकडे आहे. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पण या दोन्हींच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज करावा असे मी काकांना सांगितले, कारण ठेक्यातल्या अटी हातात नसताना घातलेला वाद हवेतच राहतो.

काकांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. त्यात त्यांनी चार गोष्टी मागितल्या आहेत. या वाहनतळाच्या ठेक्याच्या अटींची प्रत, विनापावती वाहनाला जामर लावण्याचा ठराव किंवा आदेश असल्यास तो, पावतीयंत्र बंद पडल्यावर पर्यायी पावती देण्याबाबतची अट, आणि त्या दिवशी त्या यंत्रातून दुपारी चार ते सहा या वेळात निघालेल्या पावत्यांची नोंद. चौथी मागणी काकांची स्वतःची आहे आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण प्रत्येक पावतीवर वेळ छापली जाते आणि यंत्र किती वाजता मुके झाले ते त्या नोंदीतूनच दिसणार आहे. उत्तर देण्याची तीस दिवसांची मुदत अजून चालू आहे.