नोकरी गेल्याची तारीख आणि पोटगी घटण्याची तारीख

अमेरिकेत नोकरी गेली की पगार थांबतो, पण मुलांची पोटगी जुन्याच आकड्याने चढत राहते. पुढे न्यायाधीशांनी रक्कम कमी केली, तरी ती कपात नोकरी गेली त्या दिवसापासून आपोआप लागू होत नाही. हे बऱ्याच जणांना कोर्टात उभं राहिल्यावरच कळतं.

याचं मूळ १९१० सालच्या एका निकालात सापडतं. न्यूयॉर्कच्या कोर्टाने ठरवलेली पोटगी थकली, म्हणून पत्नीने कनेक्टिकटमध्ये दावा लावला. ‘सिस्टेअर विरुद्ध सिस्टेअर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने थकलेले हप्ते दुसऱ्या राज्यावरही बंधनकारक ठरवले, पण एक अपवाद ठेवून. मूळ राज्याचा कायदा मागच्या हप्त्यांतही फेरफार करू देत असेल, तर दुसऱ्या राज्यावर ते बंधन नाही. त्या पत्नीचं काम झालं, कारण न्यूयॉर्कचा कायदा तसा नव्हता. अपवाद मात्र कायम राहिला.

पुढची कित्येक दशकं राज्याराज्यांत वेगळा न्याय होता. कुठे तारीख उलटली की हप्ता पक्का होई, तर कुठे न्यायाधीश मागची थकबाकीही माफ करू शकत. मग काही वर्षं काहीच भरायचं नाही आणि पकडलं गेल्यावर अडचणींचा पाढा वाचायचा, हा मार्ग खुला राहिला. १९७५ मध्ये पोटगी वसुलीचा संघीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचा एक मोठा हेतू सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांवरचा खर्च वडिलांकडून परत मिळवणं हा होता. त्यामुळे माफ झालेल्या थकबाकीची झळ आता सरकारी तिजोरीलाही बसू लागली.

१९८६ मध्ये न्यू जर्सीचे सिनेटर बिल ब्रॅडली (हो, न्यूयॉर्क निक्स या संघाकडून बास्केटबॉल खेळलेले तेच) यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती आली. देय तारखेला प्रत्येक हप्ता आपोआप कोर्टाच्या निवाड्याइतका पक्का होतो, इतर राज्यांनी तो मानायचा आणि मागे जाऊन तो बदलायचा नाही. एकच फट ठेवली: बदलाचा अर्ज प्रलंबित असतानाचा काळ, तोही समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून पुढचा.

म्हणजे जानेवारीत नोकरी गेली, अर्जाची नोटीस मेच्या सुरुवातीला बजावली आणि हुकूम सप्टेंबरमध्ये झाला, तर मेपासूनची रक्कम घटू शकते. जानेवारी ते एप्रिलचे हप्ते पूर्ण द्यावे लागतात. मेपर्यंत मागे जाण्याचीही मुभाच आहे, सक्ती नाही; ते राज्याच्या कायद्यावर ठरतं. कॅलिफोर्नियाने बेकारीसाठी वेगळी तरतूद केली. तिथे नोटीस बजावल्याची तारीख आणि नोकरी गेल्याची तारीख, यांतली जी नंतरची, तिथपासून नवा हुकूम लागू करायचा. तसं करायचं नसेल तर न्यायाधीशांना सबळ कारण नोंदवावं लागतं.

माझ्या मते १९८६ च्या काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) डोळ्यांसमोर मुद्दाम चुकवणारा बाप होता, कामावरून कमी केलेला नव्हे. कायद्याने दोघांना एकाच तागडीत टाकलं. त्याची कडक धार पुढे थोडी बोथट झाली, ती तुरुंगातल्या पालकांपुरती: २०१६ च्या संघीय नियमाने कैदेला ‘स्वेच्छेने पत्करलेली बेकारी’ मानून पोटगीत बदल नाकारायला मनाई केली. थकलेले हप्ते मात्र तेव्हाही माफ झाले नाहीत.

फोनवर ‘दोन महिने राहू दे’ असं मुलांच्या आईनेच म्हटलं, तरी हुकूम बदलत नाही. त्या दोन महिन्यांचे हप्ते थकबाकीत चढतातच.