सॅकचं माप उंचीवरून ठरत नाही

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं एक सल्ला फिरतोय: उंच माणसाने मोठी सॅक घ्यावी, बुटक्याने लहान. पटण्यासारखं आहे, पण सॅक बसते पाठीवर, आणि सारख्या उंचीच्या दोघांची पाठ सारखी असेलच असं नाही. एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. सॅकवर लिहिलेला ६० लिटरसारखा आकडा तर फक्त सामान किती मावेल ते सांगतो.

पाठ घरीच मोजता येते. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी जे हाड ठळक वर येतं, तिथे कुणाला तरी टेपचं टोक धरायला सांगा. मग हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर हे तुमचं माप.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून काहीच कळत नाही. आत आठ-दहा किलो भरायला लावाच, दुकानदार कुरकुरला तरी. आधी कमरेचा पट्टा हाडांवर आवळा, खांद्याचे नंतर. खांदे नीट बसले पण कमरेचा पट्टा पोटावर चढला, तर सॅक तुमच्या पाठीला आखूड आहे. पट्टा जागेवर आणि खांद्यांवर पोकळी राहिली, तर लांब. सगळं जमलं की खांद्याचे पट्टे जरा सैल करून बघा. बहुतेक भार कमरेवरच टिकायला हवा. रतनगड ते हरिश्चंद्रगडसारख्या मुक्कामी ट्रेकमध्ये दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात, ते बहुधा हाच भार वर चढल्यामुळे.