कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण

कंपनीच्या संचालक मंडळाने तयार केलेली वार्षिक वित्तीय पत्रके कंपनीबाहेरच्या, तिच्यात कोणताही हितसंबंध नसलेल्या सनदी लेखापालाने पुराव्यानिशी तपासावीत आणि ती कंपनीच्या आर्थिक स्थितीचे व वर्षभराच्या कामगिरीचे खरे व वाजवी चित्र दाखवतात की नाही याविषयी भागधारकांना लेखी मत द्यावे, या कायद्याने बंधनकारक केलेल्या व्यवस्थेला वैधानिक लेखापरीक्षण म्हणतात. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक (लहान कंपन्यांना ते माफ आहे) आणि त्यांना जोडलेल्या टिपा हा तिचा विषय होय. भारतात तिचे नियम कंपनी कायदा, 2013 च्या दहाव्या प्रकरणात, म्हणजे कलम 139 ते 148 मध्ये आहेत. उलाढालीची किमान मर्यादा त्यात नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दोन भावांनी चालवलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी मिळून काढलेली शेतकरी उत्पादक कंपनी आणि शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी या तिन्हींना ते सारखेच लागू आहे, आणि वर्षभरात एकही व्यवहार झाला नाही तरी त्यातून सुटका नाही. मर्यादित दायित्व भागीदारीला, म्हणजे एलएलपीला, मात्र वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या किंवा भागीदारांचे भांडवल 25 लाख रुपयांच्या वर गेले तरच लेखापरीक्षण करावे लागते. प्राप्तिकर कायद्याखालचे टॅक्स ऑडिट ही वेगळी तपासणी असून एक केल्याने दुसरी टळत नाही.

हिशेब बरोबर ठेवण्याची आणि पत्रके तयार करण्याची जबाबदारी संचालकांची असते. लेखापरीक्षकाची जबाबदारी मत देण्यापुरती आणि त्या मतासाठी पुरेसा पुरावा गोळा करण्यापुरती असते. ही विभागणी कायद्यात स्पष्ट असली तरी जिल्ह्याच्या गावात ती सर्वाधिक पुसट झालेली दिसते. ‘आमचं सगळं सीएच बघतात’ असे उद्योजक सहज बोलून जातो आणि त्या ‘सगळ्या’त टॅलीतल्या नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेसाठीचा प्रकल्प अहवाल आणि शेवटी लेखापरीक्षणाची सही हे सारे येते. कलम 144 नुसार लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे हिशेब लिहिण्याचे, अंतर्गत लेखापरीक्षणाचे किंवा व्यवस्थापकीय सेवेचे काम घेता येत नाही. कारण उघड आहे: ज्याने नोंद लिहिली त्यानेच ती तपासली, तर तपासणी झालीच नाही. ही मनाई निव्वळ तांत्रिक मानणे चूक आहे, कारण बाकीची सारी व्यवस्था तिच्यावरच उभी आहे.

ब्रिटनमध्ये 1844 च्या कायद्याने संयुक्त भांडवली कंपन्यांच्या हिशेबतपासणीची तरतूद केली आणि 1900 मध्ये ती सर्व कंपन्यांना कायमची सक्तीची झाली. भारतात 1913 च्या कंपनी कायद्याने वार्षिक लेखापरीक्षण आणि लेखापरीक्षकाची पात्रता या दोन्ही गोष्टी बंधनकारक केल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलच्या माळावर उभारलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे 1920 मध्ये लिमिटेड कंपनीत रूपांतर झाले तेव्हा हाच कायदा लागू होता. 1916 ची सांगली बँक आणि 1936 ची साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक याही कंपन्याच होत्या; 2006 मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआय बँकेत आणि 2007 मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. स्वातंत्र्यानंतर सनदी लेखापाल कायदा, 1949 नुसार 1 जुलै 1949 रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था, म्हणजे आयसीएआय, स्थापन झाली. लेखापरीक्षणाची मानके हीच संस्था तयार करते.

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत एक फरक नेहमी सांगावा लागतो. इथले बहुतेक जुने साखर कारखाने, दूध संघ आणि पतसंस्था या सहकारी संस्था आहेत, कंपन्या नव्हेत. त्यांचे लेखापरीक्षण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 81 खाली होते आणि लेखापरीक्षक शासनमान्य नामतालिकेतून निवडला जातो. खाजगी साखर कारखाने मात्र कंपनी कायद्याखाली येतात. एकाच गावचा ऊस दोन्हीकडे जात असला, तरी दोन्हींच्या अहवालांचा साचा आणि ते कोणाला सादर करायचे याचे नियम वेगळे आहेत.

लेखापरीक्षकाची नेमणूक भागधारक वार्षिक सर्वसाधारण सभेत पाच वर्षांसाठी करतात. नव्या कंपनीचा पहिला लेखापरीक्षक संचालक मंडळ नोंदणीपासून 30 दिवसांत नेमते. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि विशिष्ट आकाराच्या इतर कंपन्यांत एकट्या लेखापालाला सलग एक आणि फर्मला सलग दोन मुदतीच मिळतात. त्यानंतर पाच वर्षे त्यांना त्या कंपनीत परत येता येत नाही. कंपनीचा नोकर किंवा नोकराचा भागीदार, कंपनीचे भाग धारण करणारा, किंवा तिचे पाच लाखांपेक्षा जास्त देणे असणारा लेखापाल अपात्र ठरतो. मुदत संपण्याआधी त्याला काढायचे तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आणि विशेष ठराव दोन्ही लागतात. प्रतिकूल मत देणाऱ्याला संचालकांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवू नये, यासाठी ही अट आहे. कायद्याने टिपलेली ही नाती कागदावर सापडतात. सांगली-साताऱ्यात खरा ताण न टिपलेल्या नात्यांचा असतो: संचालक आणि लेखापरीक्षक एकाच शाळेतले असतात, घरच्या लग्नकार्यात एकमेकांकडे जेवतात, आणि दर 31 मार्चला एकमेकांसमोर बसतात. अशा ठिकाणी स्वातंत्र्य जपायचे तर प्रत्येक प्रश्न लेखी विचारणे, उत्तर लेखी घेणे आणि ते कार्यपत्रांत लावून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे; तोंडी खुलाशावर सोडलेली बाब पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

तपासणी सर्व व्यवहारांची नसते. व्यवसाय समजून घेऊन चूक किंवा लबाडी कुठे शिरू शकेल हे आधी ठरवले जाते, किती रकमेची चूक वाचकाचा निर्णय बदलू शकेल याची मर्यादा आखली जाते आणि त्या बेताने नमुने निवडले जातात. या भागात पहिला धोका जवळपास नेहमी मालसाठ्यात असतो, आणि त्याला ऋतूचे कारण आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, तेव्हा हळदीची आवक जोरात असते, बेदाण्याच्या शेडवर काम चालू असते आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम नुकताच संपलेला किंवा संपत आलेला असतो. म्हणजे ताळेबंदाच्या नेमक्या तारखेला गोदामे वर्षातली सर्वाधिक भरलेली असतात. साठा एक लाखाने फुगवला की नफाही तेवढ्यानेच फुगतो, आणि त्यासाठी कोणाचे बनावट बिलही लागत नाही.

म्हणून मोजणीला हजर राहणे हा लेखापरीक्षणाचा अपरिहार्य भाग आहे. हळदीच्या गोदामात माल कंपनीची माणसे मोजतात. लेखापरीक्षक मोजणीची पद्धत पाहतो आणि स्वतः निवडलेल्या थप्प्या पुन्हा मोजायला लावतो. तो दोन्ही बाजूंनी जातो: साठा वहीतली नोंद घेऊन थप्पी शोधतो आणि समोरची थप्पी घेऊन वहीत नोंद शोधतो. पहिल्या वाटेने नसलेला माल उघड होतो, दुसरीने लपवलेला. थप्पीच्या फक्त बाहेरच्या रांगा मोजून गुणाकार करणे धोक्याचे असते, कारण आत पोकळी असू शकते. मधला थर उतरवून पाहावा लागतो, काही पोती काट्यावर चढवावी लागतात आणि एखाद-दुसरे पोते सोडून आत हळकुंड आहे की कणी हे पाहावे लागते, कारण दोन्हींचे भाव वेगळे असतात. मग मालकीचा प्रश्न येतो. त्याच छपराखाली कंपनीच्या मालाशेजारी अडतीवर आलेला शेतकऱ्यांचा माल, दुसऱ्या व्यापाऱ्याचा ठेवलेला माल आणि बँकेकडे तारण असलेला मालही असतो. सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीखालची पेवे 2005 च्या महापुरानंतर बरीच मागे पडली आणि माल गोदामांत व कोल्ड स्टोरेजमध्ये आला, त्यामुळे त्रयस्थाकडे असलेल्या साठ्याचे प्रमाण वाढले आहे. अशा साठ्याबद्दल कोल्ड स्टोरेजच्या मालकाकडून लेखापरीक्षकाने थेट खातरजमा मागवायची असते. मार्चअखेरच्या आणि एप्रिलच्या आरंभीच्या काही दिवसांच्या काटापावत्या, गेटवरची नोंदवही आणि ई-वे बिले एकत्र लावून पाहिली की माल आला पण खरेदीची नोंद एप्रिलमध्ये गेली, किंवा विक्री मार्चमध्ये दाखवली आणि ट्रक एप्रिलमध्ये सुटला, असे प्रकार सापडतात. साखर कारखान्यात पोत्यांबरोबर टाकीतल्या मळीची पातळी मोजावी लागते. मोजलेल्या मालाची किंमत उत्पादन खर्च किंवा विक्रीतून मिळू शकणारी निव्वळ रक्कम यांपैकी जी कमी तीच धरायची असते. भाव पडलेल्या वर्षी वादाचे मूळ इथे असते.

ही पद्धत सहज आलेली नाही. ब्रिटनमधल्या 1896 च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात व्यवस्थापकाने साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला होता आणि लेखापरीक्षक त्याच्या दाखल्यावर विसंबले होते. संशयाचे कारण नसताना असा विश्वास ठेवणे हा कसूर नव्हे, असे न्यायालयाने म्हटले आणि लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, असा दाखला न्यायमूर्ती लोप्स यांनी दिला. आजची मानके त्या विश्वासाला तेवढी जागा ठेवत नाहीत. ठेवू नये, हे भारतात 7 जानेवारी 2009 रोजी ठळकपणे दिसले: सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी स्वतःच कबूल केले की ताळेबंदातील 5,000 कोटींहून अधिक रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. बँकेची शिल्लक कंपनीने हातात दिलेल्या कागदावरून न मानता बँकेकडूनच थेट मागवावी, हा साधा नियम त्या प्रकरणाने सर्वांच्या मनावर कोरला.

कर्ज घेतलेल्या कंपन्यांत आणखी एक जागा लक्ष देण्याजोगी आहे. चालू मालमत्तेच्या तारणावर पाच कोटींहून अधिक खेळते भांडवल मंजूर असेल तर बँकेला दिलेली त्रैमासिक साठा विवरणे वह्यांशी जुळतात का, हे 2020 च्या कंपनी लेखापरीक्षक अहवाल आदेशानुसार, म्हणजे रूढ भाषेत ‘कारो’नुसार, अहवालात सांगावे लागते. 2021-22 पासून हा आदेश अमलात आहे. बँकेला साठा जास्त आणि प्राप्तिकर खात्याला कमी दाखवण्याची जुनी सवय या एका कलमाने उघड्यावर आली. साठ्याच्या एखाद्या वर्गात मोजणी आणि वही यांत 10 टक्के किंवा अधिक तफावत निघाली तर तीही तिथेच येते. लहान प्रायव्हेट कंपन्यांना ‘कारो’तून सूट आहे.

पुराने या भागात एक खास प्रश्न उभा केला. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठेत शिरले तेव्हा 31 मार्च 2019 रोजी संपलेल्या वर्षाचे लेखापरीक्षण अनेक ठिकाणी चालू होते. ताळेबंदाच्या तारखेला माल सुस्थितीत होता, म्हणून पुरात गेलेला साठा त्या वर्षाच्या आकड्यांतून वजा करायचा नसतो; नुकसान पुढच्या वर्षाचे. पण मालमत्तेचा मोठा भाग गेला असेल तर ते वाचकाला सांगणे भाग असते, आणि कंपनी पुढे चालू राहील या गृहीतकालाच धक्का बसला असेल तर पत्रकांचा पायाच पुन्हा तपासावा लागतो. भिजलेल्या व्हाउचरांच्या जागी बँकेचे उतारे, पुरवठादारांच्या प्रती, जीएसटी पोर्टलवरील नोंदी आणि विमा सर्वेक्षकाचा अहवाल असा पर्यायी पुरावा उभा करता येतो. तो न मिळाल्यास मतात तसे लिहावे लागते.

मत चार प्रकारचे असते. आक्षेप नसेल तर निखळ मत. एखादी बाब चुकीची पण बाकी पत्रके विश्वसनीय असतील तर त्या बाबीपुरते सापेक्ष मत. चूक सर्वव्यापी असेल तर प्रतिकूल मत. आणि पुरावाच मिळाला नाही तर मत देण्यास नकार. निखळ मत म्हणजे कंपनी नफ्यात आहे किंवा बुडणार नाही याची हमी नव्हे. तोट्यातल्या कंपनीने तोटा नीट दाखवला असेल तर तिलाही निखळ मतच मिळते. जुलै 2019 पासून प्रत्येक अहवालावर यूडीआयएन हा 18 अंकाक्षरी क्रमांक असतो आणि तो आयसीएआयच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. एप्रिल 2023 पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो वर्षभर चालू होता का हेही लेखापरीक्षकाला लिहावे लागते. वर्षअखेरीस जुन्या तारखेच्या नोंदी गुपचूप बदलणे त्यामुळे अवघड झाले आहे.

कंपनीच्या अधिकाऱ्याने किंवा नोकराने एक कोटी किंवा अधिक रकमेची लबाडी केल्याचे तपासणीत आढळले तर ते केंद्र सरकारला कळवणे लेखापरीक्षकावर बंधनकारक आहे. त्याहून कमी रकमेची लबाडी संचालक मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला कळवावी लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या व मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर ऑक्टोबर 2018 पासून राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण देखरेख ठेवते. बाकीच्यांची शिस्त आयसीएआयकडे आहे.

सभेत मंजूर झालेली पत्रके लेखापरीक्षकाच्या अहवालासह 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे दाखल करावी लागतात. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे पुण्याच्या निबंधकाखाली येतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ठरावीक शुल्क भरून ती कोणालाही पाहता येतात. बेदाणा किंवा ऊस उधारीवर घालणाऱ्या शेतकऱ्याने, किंवा सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपवाल्याने, ती उघडली तर आधी मताचा परिच्छेद, मग त्याखालचा मताच्या आधाराचा परिच्छेद, आणि ‘कारो’चे परिशिष्ट जोडलेले असल्यास त्यातील साठा, बँक विवरणे व थकलेली सरकारी देणी यांविषयीची कलमे वाचावीत.